झील धरणाऱ्यांसाठी नवं संगीत

मार्च 2023 मध्ये बीबीसीने जाहीर केलं, की ‘बीबीसी सिंगर्स’ हा आपला गायनवृंद बंद करायचा. 1924 साली सुरू झालेला, पगारावर पूर्ण वेळ गाणाऱ्या 20 जणांचा हा वृंद. ब्रिटनमध्ये अशा धर्तीचा दुसरा वृंद नाही. इंग्लंडमधल्या आपल्या वाद्यवृंदांतल्या पगारी जागा 20 टक्क्यांनी कमी करण्याचा प्रस्तावही त्याच घोषणेत होता. कपात म्हटली की पैशाचं कारण असतंच. मला लागलं ते सोबत जोडलेलं दुसरं कारण. देशभरातल्या सामूहिक गायनात अधिक व्यापक गुंतवणूक करता यावी, निरनिराळ्या वृंदांबरोबर काम करता यावं, म्हणून हा वृंद बंद करतो आहोत, असं सांगण्यात आलं. थोडक्यात, गावोगावच्या गाणाऱ्यांचं भलं व्हावं म्हणून पगारी गाणाऱ्यांनी घरी जावं.

मी तेव्हा ग्लासगोत राहत होते आणि एका हौशी वृंदात आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गात होते. ज्यांच्या भल्याचा हवाला दिला जात होता, त्यांच्यातलीच मी एक. दर मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या हॉलमध्ये तालीम असायची. शाळेतल्या बाई, नर्स, निवृत्त पोस्टमन, दोन विद्यार्थी, एक दंतवैद्य असे आम्ही चाळीसेक जण. प्रत्येकाने वर्गणी भरायची, तिच्यातून वृंदाला गाऊन घेणाऱ्या कंडक्टरचं आणि पियानो वाजवणाऱ्याचं मानधन निघायचं. घोषणेनंतरच्या मंगळवारी चहाच्या सुट्टीत दुसरा विषयच नव्हता, आणि आपल्याला काही मिळणार आहे असं एकालाही वाटलं नाही. आपलं काहीतरी काढून घेतलं जातंय, असंच सगळ्यांना वाटत होतं. निषेधाच्या अर्जावर दीड लाखाहून अधिक सह्या झाल्या. आमच्याही होत्या. महिना संपायच्या आत बीबीसीने निर्णय थांबवला.

निर्णय थांबला, पण त्यामागचा विचार थांबलेला नाही. कलेला सार्वजनिक पैसा द्यायची वेळ आली की हीच तागडी पुढे येते. एका पारड्यात ‘उत्कृष्टता’, म्हणजे व्यावसायिक कलाकार, आणि दुसऱ्यात ‘लोकसहभाग’, म्हणजे आम्ही. एक वर गेलं की दुसरं खाली यायलाच हवं, असं गृहीत धरलेलं असतं. माझं म्हणणं याच्या उलट आहे. नवं संगीत जगतं ते एकच रचना हौशी गळ्यांतून व्यावसायिक गळ्यांकडे आणि तिथून परत इकडे अशी फिरत राहिली तरच. दोहोंतला एक निवडायला लावणारं धोरण दोघांचंही नुकसान करतं, आणि सगळ्यात आधी ते नव्या रचनेचा जीव घेतं.

हे मला शिकवलं ते एका संगीतकाराच्या कामाने. सप्टेंबर 2022 मध्ये राणी एलिझाबेथ यांचा अंत्यविधी आपल्याकडेही अनेकांनी टीव्हीवर पाहिला. वेस्टमिन्स्टर ॲबीत त्या दिवशी खास प्रसंगासाठी केलेली एक नवी रचना गायली गेली. ती सर जेम्स मॅकमिलन यांची. जन्म 1959, स्कॉटलंडच्या एअरशर भागातला. वाढले कमनॉक या कोळसाखाणींच्या गावात. आईचे वडील खाणकामगार. ते खाणवाल्यांच्या ब्रास बँडमध्ये युफोनियम वाजवत आणि चर्चच्या कॉयरमध्ये गात. नातवाच्या हातात पहिलं कॉर्नेट त्यांनीच दिलं. पुढे त्या मुलाच्या रचना लंडनच्या मोठमोठ्या वाद्यवृंदांनी वाजवल्या, पण संगीताशी त्याची पहिली ओळख झाली ती दिवसभर जमिनीखाली राबून संध्याकाळी वाद्य पुसून वाजवायला बसणाऱ्या माणसांमुळे.

आमच्या वृंदाने डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी त्यांचं ‘ओ रेडियंट डॉन’ घेतलं होतं. चार आवाजांसाठी, वाद्यांविना. 21 डिसेंबरच्या सायंप्रार्थनेतल्या एका जुन्या लॅटिन आर्जवावर ते बेतलेलं आहे: हे उगवत्या प्रकाशा, ये. ग्लासगोत त्या दिवसांत दुपारी पावणेचारला सूर्य मावळतो. तालमीला निघताना चार तासांचा अंधार अंगावर असायचा, तेव्हा ‘ये, ये’ म्हणायला मुद्दाम भाव आणावा लागत नव्हता.

ही रचना ज्या चौदा छोट्या गीतांच्या मालिकेतली आहे, तिचं नाव ‘स्ट्रॅथक्लाइड मोटेट्स’. मोटेट म्हणजे कॉयरसाठीचं छोटं धार्मिक गीत. 2005 ते 2010 या काळात ती लिहिली गेली, आणि लिहिली गेली ती ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या कॉयरसाठी. त्या कॉयरचे संचालक ॲलन टॅव्हनर. तेच टॅव्हनर ‘कपेला नोव्हा’ हा व्यावसायिक वृंदही चालवत, आणि या मोटेट्सचं ध्वनिमुद्रण त्या वृंदाने केलं. नंतर इंग्लंडमधल्या ‘द सिक्स्टीन’सारख्या नामवंत वृंदांनीही त्यातली गीतं उचलली. संगीतकार एक, संचालक एक. आधी विद्यार्थी गातात, मग व्यावसायिक गातात, मग छापील प्रत आमच्यासारख्यांच्या हातात येते.

यातली लेखनाची कारागिरी सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. हौशी लोकांसाठी लिहायचं म्हणजे सोपं करायचं, असा समज आहे. ‘ओ रेडियंट डॉन’मध्ये चारही आवाज बहुतेक वेळ एकत्र पावलं टाकतात. शब्द सगळ्यांचे एकाच वेळी येतात, त्यामुळे एखादी भरकटली तर शेजारीण तिला परत आणते. मधे सगळे थांबतात आणि दोनच आवाज उरतात: अंधारात चालणाऱ्या लोकांनी मोठा प्रकाश पाहिला, ही यशया संदेष्ट्याची ओळ. उरलेल्यांना तेवढीच उसंत मिळते, आणि ऐकणाऱ्याच्या छातीत काहीतरी हलतं. ही सोय गाणाऱ्याची आणि हा परिणाम गाण्याचा. दोन्ही एकाच निर्णयातून आलेले. कठीण जागा दुसरीकडे आहेत. ओळीच्या टोकाला लांबणारा श्वास, एकदम उसळून पुन्हा कुजबुजीत उतरणारा आवाज, आणि मुख्य स्वराला हलकेच चिकटलेले ते बारीक स्वर.

त्या बारीक स्वरांपाशी आमचा कंडक्टर थबकायचा. स्कॉटिश बॅगपाइपमधून, मृतासाठी रडणाऱ्या बायकांच्या जुन्या विलापगीतांतून ते आलेत, असं तो सांगायचा. मला त्यासाठी काही करावं लागलं नाही. कणस्वर तो, शाळेच्या भावगीताच्या वर्गात बाईंनी तोच घोटून घेतला होता. मला जड गेलं ते वेगळंच. शेजारचे तीन आवाज तीन दिशांना जात असताना आपला स्वर धरून ठेवणं. आपल्याकडे शेजारचा जे गातो तेच आपण गातो, त्यातच सुख असतं. पहिले दोन महिने मी नकळत वरच्या आवाजाच्या सोप्रानोंच्या मागे जायचे, आणि शेजारची सत्तरीची आजी माझ्या दंडाला हलकेच बोट लावून मला माझ्या ओळीवर परत आणायची.

मॅकमिलन यांच्या कॉयरसंगीतात आणखी एक ओळखीची जागा आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांवर गेलिक भाषेतली स्तोत्रं गातात, तेव्हा पुढचा एक जण ओळ टाकतो आणि सगळी मंडळी ती उचलतात. पण प्रत्येक जण आपल्या गतीने, आपापल्या हरकती घेत. एकच चाल लाटेसारखी पसरत जाते. वारकरी भजनात पुढचा अभंगाचा चरण टाकतो आणि मागचे टाळकरी तो उचलतात, कीर्तनात-पोवाड्यात झील धरतात, त्याचीच आठवण यावी. त्या बेटांवरच्या माणसांना कोणी ‘सहभागी’ म्हणत नाही. गाणं त्यांचंच असतं. मॅकमिलन यांनी हा पोत आपल्या लेखनात आणला आणि तो मोठमोठ्या वृंदांच्या तोंडी दिला. झील धरणाऱ्यांकडून घेतलेलं पुन्हा झील धरणाऱ्यांना देणं हा त्यांच्या कामाचा एक धागा आहे, असं मला वाटतं.

जानेवारीत मी तेच गीत एका व्यावसायिक वृंदाकडून ऐकलं. शेवटचं ‘आमेन’ पुन्हा पुन्हा येत विझत जातं. आम्ही ते गाताना विझायच्या आधीच दम संपायचा. त्या सोळा-अठरा जणांनी ते इतकं खाली नेलं, की आवाज कुठे संपला आणि शांतता कुठे सुरू झाली ते सांगता येईना. मी तीन महिने गायलेल्या ओळीत काय दडलेलं होतं, ते मला तिथे कळलं. आणि कळलं, कारण मी ती ओळ गायले होते. बाजूला बसलेल्या मैत्रिणीला ते ‘छान’ वाटलं. मला अंगावर काटा आला.

म्हणून मी म्हणते की व्यावसायिक वृंद काढून टाकून हौशी वृंदाचं भलं होत नाही. आमचा कंडक्टर त्याच जगात शिकून आलेला. आमच्या कार्यक्रमाला एकल गायक बोलवायचे ते त्याच जगातून. रचना किती उंच जाऊ शकते हे दाखवणारे तेच. आणि उलट दिशेनेही हेच खरं आहे. नव्या संगीताला जुनं दुखणं आहे: पहिला प्रयोग गाजावाजात होतो, टाळ्या पडतात, आणि कागद कपाटात जातात. दुसरा प्रयोग, दहावा प्रयोग, शंभरावा प्रयोग कोण करतं? मॅकमिलन यांच्या मोटेट्सना ते आयुष्य दिलं शेकडो विद्यापीठांच्या, चर्चच्या, गावांच्या कॉयर्सनी. 1996 साली डनब्लेनच्या शाळेत गोळीबारात 16 मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. त्यांच्यासाठी मॅकमिलन यांनी ‘अ चाइल्ड्स प्रेयर’ ही चार-पाच मिनिटांची रचना केली, लहान मुलांचे दोन आवाज वर आणि बाकीचा वृंद खाली. ती पहिल्यांदा गायली गेली वेस्टमिन्स्टर ॲबीत. पण आज ती जिवंत आहे ती कुठल्याशा गावात कुणाच्या तरी आठवणीसाठी ती पुन्हा गायली जाते म्हणून.

इथे एक जुना हिशोब मांडते. 1980 साली बीबीसीने खर्चकपातीसाठी आपले पाच वाद्यवृंद बंद करायचं ठरवलं होतं. ग्लासगोचा ‘बीबीसी स्कॉटिश सिंफनी ऑर्केस्ट्रा’ त्या यादीत होता. वादकांनी संप केला, त्या वर्षीच्या लंडनच्या प्रॉम्स महोत्सवाचे सुरुवातीचे आठवडे वाया गेले, आणि हा वाद्यवृंद वाचला. दहा वर्षांनी, ऑगस्ट 1990 मध्ये, याच वाद्यवृंदाने प्रॉम्समध्ये एका 31 वर्षांच्या स्कॉटिश संगीतकाराची नवी रचना वाजवली: सतराव्या शतकात चेटकीण ठरवल्या गेलेल्या इझाबेल गाउडी या स्त्रीसाठी लिहिलेली, तिला त्या काळी कोणी न वाहिलेली श्रद्धांजली. तो संगीतकार मॅकमिलन, आणि ती संध्याकाळ त्यांच्या नावाची खरी सुरुवात. 1980 ची यादी अमलात आली असती तर ती रचना कोणी वाजवली असती? वाद्यवृंद बंद करताना पुढच्या दहा वर्षांत न लिहिल्या जाणाऱ्या संगीताची किंमत कुठल्याच जमाखर्चात येत नाही.

आता कमनॉककडे येते, कारण माझा मुख्य पुरावा तिथे आहे.

कमनॉक हे नऊएक हजार वस्तीचं गाव. आजूबाजूच्या खाणी विसाव्या शतकाच्या शेवटी मिटल्या. जवळच्या ऑकिनलेकची बॅरनी खाण 1989 साली बंद झाली. तिचा इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराचा पोलादी सांगाडा अजून माळावर उभा आहे. खाणी गेल्यावर गावात काय होतं ते मुंबईतल्या गिरणगावात वाढलेल्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. या गावात मॅकमिलन यांनी 2014 च्या ऑक्टोबरमध्ये ‘कमनॉक ट्रिस्ट’ हा संगीत महोत्सव सुरू केला. ‘ट्रिस्ट’ म्हणजे ठरवून भेटणं. बाहेरचे नामवंत कलाकार आणून चार दिवस गावाला ऐकवायचं आणि निघून जायचं, असा बेत नव्हता. गावातल्या लोकांचा महोत्सवाचा स्वतःचा कॉयर उभा केला, आणि तो घडवायला ‘द सिक्स्टीन’शी जोडलेले इमन डुगन आले.

2018 साली, पहिलं महायुद्ध संपल्याच्या शताब्दीला, मॅकमिलन यांचं ‘ऑल द हिल्स अँड व्हेल्स अलाँग’ कमनॉकच्या जुन्या चर्चमध्ये पहिल्यांदा सादर झालं. शब्द चार्ल्स हॅमिल्टन सॉर्ली या कवीचे. हा ॲबर्डीनमध्ये जन्मलेला मुलगा, 1915 च्या ऑक्टोबरमध्ये लूसच्या लढाईत वयाच्या विसाव्या वर्षी मारला गेला. गात गात मरणाकडे कूच करणाऱ्या सैनिकांचं त्याचं चित्र मनातून जात नाही. गायला होता जगप्रसिद्ध टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गायक, इअन बॉस्ट्रिज. त्याच्याबरोबर व्यावसायिक तंतुवादक. आणि त्यांच्या शेजारी, त्याच रचनेत, शेजारच्या गावचा डॅलमेलिंग्टन ब्रास बँड आणि कमनॉकचा हौशी कॉयर. महिनाभरात तीच रचना मोठ्या रूपात लंडनच्या बार्बिकन सभागृहात झाली: लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा, जानआंद्रेआ नोसेडा यांचं संचालन, पुन्हा बॉस्ट्रिज.

क्रम लक्षात घ्या. आधी कमनॉक, मग लंडन. शहरात गाजलेलं काहीतरी हलकं करून गावाला दिलं नाही. आणि लंडनच्या मंचावरही पगारी कोण होतं? वाद्यवृंद आणि एकल गायक. लंडन सिंफनी कोरस हा तिथला विख्यात गायनवृंद हौशीच आहे. त्यातले लोक दिवसा नोकऱ्या करतात आणि संध्याकाळी तालमीला येतात. ब्रिटनच्या मोठ्या वाद्यवृंदांबरोबर उभे राहणारे मोठे कोरस बहुतांशी असेच असतात. ‘उत्कृष्टता’ आणि ‘लोकसहभाग’ अशी दोन पारडी करणाऱ्यांनी त्या मंचाकडे एकदा नीट पाहायला हवं.

गावात काय बदललं याचे आकडे माझ्याकडे नाहीत, आणि संगीताने गावाचं अर्थकारण सुधारतं असा दावा मी करणार नाही. तो दावा करून करून कलेची बाजू मांडणारे स्वतःचंच नुकसान करतात. पण एक गोष्ट ठामपणे सांगते. एअरशरमध्ये आणि ग्लासगोच्या पट्ट्यात कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट ही दुही खोल आहे. शाळा वेगळ्या, फुटबॉलचे संघ वेगळे, मिरवणुका वेगळ्या. मॅकमिलन स्वतः कॅथलिक. 1999 साली एडिंबरामध्ये भाषण करून त्यांनी या द्वेषाला ‘स्कॉटलंडची लाज’ म्हटलं आणि त्याबद्दल बरंच ऐकूनही घेतलं. त्याच माणसाची रचना कमनॉकच्या प्रॉटेस्टंट चर्चमध्ये, दोन्हीकडच्या आणि कुठल्याच नसलेल्या गाणाऱ्यांनी, एकमेकांच्या श्वासावर श्वास घेत गायली. भाषणापेक्षा हे कमी आहे असं मला वाटत नाही.

त्यांच्या श्रद्धेबद्दल मला पुष्कळदा विचारलं जातं. तू हिंदू, ती लॅटिन-ख्रिस्ती प्रार्थना, तुला गाताना काही वाटत नाही का? वाटतं. पण ते अवघडलेपण नसतं. आमच्या वृंदात निम्मे जण कुठल्याच देवाला मानत नव्हते. ज्यांनी तो शब्द खरेपणाने लिहिला आहे त्यांच्याबरोबर काही वेळ उभं राहायचं, एवढंच गाणाऱ्याला करायचं असतं. तुकोबांचा अभंग गाणारा प्रत्येक जण पंढरीला गेलेला असतोच असं नाही.

मॅकमिलन यांनी हे शेजारी उभं राहणं फार खालच्या पायरीपर्यंत नेलं. ग्लासगोच्या मेरीहिल भागातल्या सेंट कोलंबा चर्चमध्ये ते कित्येक वर्षं रविवारचा छोटा कॉयर चालवत आणि मिस्सासाठी, म्हणजे कॅथलिकांच्या सामूहिक उपासनेसाठी, स्तोत्रांच्या नव्या चाली लिहून देत, मंडळींना एकदा ऐकून उचलता येतील अशा. मोठ्या ऑपेरांचा लेखक, आणि दर आठवड्याला शेजारपाजारच्या लोकांसाठी चार ओळी. 2010 च्या सप्टेंबरमध्ये पोप बेनेडिक्ट ग्लासगोच्या बेलाह्यूस्टन पार्कमध्ये आले, तेव्हा मॅकमिलन यांनीच नवा मिस्सा रचला होता. उघड्या मैदानावर हजारोंचा जमाव, आणि त्या जमावाने गायचं संगीत. जमाव चुकणार, मागे राहणार, हे धरून लिहिलेलं. माझ्या मते ती कुठल्याही सिंफनीइतकीच अवघड परीक्षा आहे.

ते या वाटेवरचे पहिले नव्हेत. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी 1958 साली ऑरफर्डच्या चर्चमध्ये नोहाच्या नौकेची कथा गावातल्या मुलांना घेऊन रंगवली, दोरीला टांगलेले कप वाजवून पावसाचे थेंब ऐकवले, आणि प्रमुख भूमिका व्यावसायिकांना दिल्या. संगीतकार पीटर मॅक्सवेल डेव्हिस स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या ऑर्कनी बेटांवर जाऊन राहिले आणि 1977 साली त्यांनी तिथे सेंट मॅग्नस महोत्सव सुरू केला. परंपरा आहे; तिला पैसा मात्र दरवर्षी नव्याने मागावा लागतो.

आता एका आक्षेपाचं उत्तर द्यायला हवं, कारण तो खरा आहे. हौशी लोक फुकट गातात. मग आयोजक पगारी लोकांना का बोलावतील? ही भीती मी व्यावसायिक गायकांच्या तोंडून ऐकली आहे, आणि ती निराधार नाही. कमी पैशात मोठा कोरस मिळतो म्हणून अनेक कार्यक्रम आमच्यासारख्यांवर उभे राहतात. म्हणूनच मला वाटतं की सार्वजनिक पैसा मिळवणाऱ्या प्रत्येक अशा प्रकल्पात पगारी कलाकारांची संख्या आणि मानधन आधी ठरलेलं असावं, आणि हौशींची संख्या वाढली म्हणून ते कमी होऊ नये. कमनॉकच्या मंचावर हौशी कोरस आला म्हणून बॉस्ट्रिजची किंवा तंतुवादकांची जागा गेली नाही. उलट, त्या कोरसमुळेच ती संध्याकाळ त्या गावात होऊ शकली.

दुसरा आक्षेप दर्जाचा. चाळीस हौशी गळ्यांतून निघणारा आवाज अठरा कसलेल्या गळ्यांसारखा नसतो, हे मान्य. पण तो वाईट असतो तो बहुधा चुकीची रचना दिल्यामुळे. आम्हाला नेहमी दोनच गोष्टी मिळतात. एक, दोनशे वर्षांपूर्वीच्या थोरांची संगीतं, जी आमच्या ताकदीबाहेर जातात. दोन, आमच्यासाठी म्हणून लिहिलेली गोड, पातळ गाणी, ज्यांत तिसऱ्या तालमीनंतर शोधायला काही उरत नाही. आमच्या मर्यादा ओळखून आमच्याकडून जास्तीत जास्त काढणारं संगीत लिहायला पहिल्या प्रतीचाच संगीतकार लागतो. दुय्यम माणसाचं ते काम नाही.

या सगळ्याच्या मुळाशी शाळा आहे. मॅकमिलन यांना शाळेत वाद्य शिकायला मिळालं आणि त्यासाठी त्यांच्या घरच्यांना पैसे मोजावे लागले नाहीत. पुढे स्कॉटलंडच्या अनेक नगरपालिकांनी शाळेतल्या वाद्यशिक्षणाला शुल्क लावलं. मॅकमिलन आणि इतर संगीतकार त्याविरुद्ध बोलत राहिले. 2021 पासून स्कॉटलंड सरकारने ते शुल्क रद्द केलं. खाणकामगाराच्या नातवाला कॉर्नेट मिळेल की नाही, हे आजोबांवर सोडून चालत नाही.

हे सगळं मी मराठीत का लिहिते आहे? एक तर ‘हौशी’ या शब्दाला मराठीत जो मान आहे, तो मला इंग्रजीत सापडला नाही. तो मान आपल्या रंगभूमीने मिळवला. 1972 साली पुण्याच्या पीडीए या हौशी नाट्यसंस्थेच्या मंडळींनी ‘घाशीराम कोतवाल’ उभं केलं, तेव्हा मंचावर डॉक्टर होते, विद्यार्थी होते, नोकरदार होते. आणि संगीत होतं भास्कर चंदावरकरांचं, रविशंकरांकडे सतार शिकलेल्या, अस्सल तयारीच्या संगीतकाराचं. त्यांनी गाणाऱ्या माणसांच्या त्या भिंतीसाठी सोपं करून दिलं नाही. कीर्तन, लावणी, अभंग सगळं त्यांच्या गळ्यात घातलं, आणि आठ वर्षांनी ते युरोपात वाजलं.

गोव्यात तर हे पिढ्यान्‌पिढ्या चाललं. चर्चच्या पॅरिश शाळांत मुलं सोल्फा, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, आणि व्हायोलिन शिकली, रविवारी मिस्सात वाजवू लागली, आणि त्यांतलेच कित्येक मुंबईच्या चित्रपट-स्टुडिओंचे वादक झाले. रविवारचा हौशी आणि सोमवारचा व्यावसायिक, माणूस एकच. वसईत मराठीतून मिस्सा गायला जातो. मराठी चर्चमध्ये रेव्हरंड टिळकांची भजनं शंभर वर्षांहून अधिक काळ मंडळीच गातात. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्राचा ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ 2006 पासून आहे, आणि त्याने 2015 मध्ये झाकीर हुसेन यांच्याकडून तबला आणि वाद्यवृंदासाठी ‘पेशकार’ लिहून घेतलं. व्यावसायिक वाद्यवृंदाने नवी रचना मागावी हे योग्यच झालं. आता हीच मागणी वसईच्या चर्चमधल्या, पुण्याच्या कॉलेजातल्या, मडगावच्या वाड्यावरच्या गाणाऱ्यांसाठीही व्हायला हवी.

त्याची एक साधी रीत परदेशात रुळलेली आहे, आणि ती इथेही चालेल. चार-पाच वृंद एकत्र येतात, प्रत्येक जण आपल्या वर्गणीतून थोडं थोडं बाजूला काढतो, आणि एका जिवंत संगीतकाराकडून एकच रचना मागवतात. मग ती पाच ठिकाणी गायली जाते, म्हणजे पहिल्याच वर्षी तिचे पाच प्रयोग होतात. त्यांतला एक वृंद व्यावसायिक असावा, एवढी अट घालावी. भाषा मराठी किंवा कोंकणी असावी. संगीतकाराने लिहिण्याआधी निदान दोन तालमींना येऊन मागच्या बाकावर बसावं, कुणाचा श्वास कुठे तुटतो ते ऐकावं, आणि मग लिहायला घ्यावं.